बोटभर डावीकडे

१

गाडी लिफ्टवर चढली, दादांनी खालून दिवा धरला आणि त्यांच्या तोंडून जो शब्द निघाला तो मी इथे लिहिणार नाही. दादा म्हणजे माझे थोरले दीर. आमच्या वर्कशॉपचा कारभार तेच बघतात, आणि शिवी द्यायची झाली तर आधी बाबा, म्हणजे माझे सासरे, आसपास नाहीत ना हे बघून मगच देतात. त्या दिवशी त्यांनी बघितलं नाही, यावरून काय ते समजा.

"परत सरकलाय?" मी काउंटरवरूनच विचारलं.

"ये, तूच बघ. तुझ्या नवऱ्याची करामत आहे."

मी उठून गेले आणि मान वर केली.

गाडी ड्रायव्हिंग स्कूलची होती. टपावर पाटी आणि दोन्ही अंगांना शिकाऊ लोकांनी काढलेले ओरखडे. अशा गाडीच्या पुढच्या भागाला खालून एक जाड पोलादी कांब आडवी बसवलेली असते. आमच्याकडे सगळे तिला नुसतं बार म्हणतात. वळताना गाडी एका अंगाला कलंडू नये म्हणून तो बार. मध्ये त्याला धरून ठेवणारे दोन रबरी बुश, बुशांवर आवळलेल्या दोन लोखंडी पट्ट्या, आणि बाराची दोन्ही टोकं मागे वाकून चाकांकडे गेलेली. तो बरोबर मध्यावर पाहिजे. हा चांगला बोटभर डावीकडे सरकला होता. त्याचं डावं टोक ब्रेकच्या रबरी नळीला घासत होतं आणि नळीवर त्याचा डाग पडला होता.

"आणखी काही दिवस गेले असते तर नळी फुटली असती," दादा म्हणाले. "आत कुणाचं तरी पोर असतं, पहिल्यांदा स्टिअरिंग धरलेलं. काय तोंड दाखवलं असतं आपण?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग आला.

झालं होतं असं, की आमच्या ह्यांनी पहिल्यांदा तो बार मध्यावर आणला आणि तो सरकला. नवे बुश घालून पुन्हा बसवला, पुन्हा सरकला. मग दादांनी ती गाडी आमच्या नव्या फिटरकडे दिली, त्याला सगळे नुसतं नवा म्हणतात. त्याने नवे बुश घातले, बार बसवला आणि बार जागचा हलला नाही. कितीतरी महिने हलला नाही. पुढे त्या गाडीचा क्लच गेला. शिकाऊ लोकांच्या पायाखाली क्लच टिकतो तरी किती? क्लचसाठी पुढची फ्रेम उतरवली, बार सुटला, आणि नव्या बुशांसह तो परत बसवायचं काम फिरून ह्यांच्याकडे आलं. आणि आता हे.

म्हणजे नव्या फिटरने बसवला की राहतो, ह्यांनी बसवला की सरकतो. यावर कोण काय बोलणार?

हे लिफ्टच्या खांबाशी उभे होते आणि पुसलेलेच हात परत परत पुसत होते.

"शनिवारी स्कूलचे मास्तर गाडी न्यायला येतील," दादा त्यांच्याकडे न बघता म्हणाले. "तोवर कारण सापडलं तर ठीक. नाहीतर सोमवारपासून ही लिफ्ट नवा सांभाळेल. तू टायर आणि हवा बघ."

टायर आणि हवा! जो माणूस नुसता आवाज ऐकून कुठल्या चाकाचं काय गेलंय ते सांगतो, त्याने चाकात हवा भरत बसायचं! मी तोंड उघडणार तेवढ्यात ह्यांनी मान हलवली, गप्प राहा म्हणून.  पण मी वर घरात गेले आणि सरळ फौजदारांना फोन लावला.

२

फौजदार म्हणजे माझी नणंद. भावंडांत सगळ्यांत मोठी, दोन्ही भावांची ताई. विम्याच्या कंपनीसाठी अपघाती गाड्या तपासणं हे तिचं काम. कुणी म्हणालं, "मॅडम, गाडी उभी होती आणि खांब आदळला," तर ती शांतपणे विचारते, "खांब कुठून येत होता?" खोटं बोलणारी माणसं तिच्यासमोर आपणहून खरी होतात. मला ती फार आवडते, आणि मी तिला फार घाबरते.

ती दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. फाटकाजवळ बाबा त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसले होते. वर्कशॉप उभं केलं ते त्यांनी. आता डोळे अधू झालेत, हात थरथरतो, म्हणून कामाला हात लावत नाहीत. नुसते बसतात आणि कान देऊन असतात. बोलणं आधीपासूनच कमी. कुणाचं काम फारच आवडलं तर म्हणतात, "बरं आहे." दादांना ते दोन शब्द दोन-चारदा मिळालेत. ह्यांना मिळालेले मी तरी ऐकलेले नाहीत.

"कशाला आलीस?" बाबांनी विचारलं.

"तुमच्या धाकट्याची अब्रू वाचवायला," ताई म्हणाली. बाबांनी रुमालाने चष्मा पुसला आणि तो जास्तच धुरकट करून परत डोळ्यांवर चढवला.

ताईने साडीचा पदर खोचला, लिफ्टखाली गेली आणि ह्यांना बोलावून घेतलं.

"ही पिवळी रेघ कसली रे?"

"नट आवळून झाला की मी नटावरून पट्टीवर रंगाची रेघ ओढतो. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते."

"एकही तुटलेली नाही."

"नाही ना! तेच तर मी सांगतोय सगळ्यांना."

"म्हणजे नट आपोआप सैल झाले नाहीत आणि कुणी मुद्दाम केलेही नाहीत." ती दोन पावलं सरकली. "आणि ही बारावरची?"

"तीही माझीच. बुशच्या कडेला लागून मारतो. बार सरकला तर रेघ बुशपासून लांब गेलेली दिसते."

"लांब गेलीये ते दिसतंय. पण नटावरची रेघ कशी ठसठशीत आहे. ही मात्र फिसकटलीये."

हे वाकून बघत राहिले. "घासली असेल."

"कशाला घासली असेल? तिथे बारापाशी काहीच येत नाही."

 ताईने मग बाराची टोकं चाकांना जोडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लिंक काढायला लावल्या आणि शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. दोन्ही सारख्या. पुढची फ्रेम मोजली, ती जागेवर होती. शेवटी तिने बुशवरून बोट फिरवलं, ते अंगठ्यावर चोळलं आणि नाकाशी नेलं.

"काय झालं, ताई?" मी विचारलं.

"काही नाही. लोखंडाचं झालं. आता माणसं तपासू."

३

पहिला नंबर स्पेअर पार्टवाल्याचा. त्याचं दुकान आमच्या समोरच. ताईने गल्ल्यावर कोपर टेकलं आणि गोड आवाजात विचारलं की बुश हलके देता का हो.

"बाई, तुमच्या वडिलांपासून माझं गिऱ्हाईक आहे!" तो एकदम तांबडा झाला. "नव्या फिटरला दिले तेच बुश धाकट्याला दिले. एकाच पेटीतले. त्याचे टिकले आणि याचे नाही टिकले, तर मी काय बुशांना समजावून पाठवू?"

"आणि बार?"

इथे तो जरा घुटमळला. "बार बदली आहे. मागे ती गाडी कठड्याला ठोकली होती ना, तेव्हा मूळ बार वाकला. तसा मिळेना, म्हणून मी जुन्या मॉडेलचा दिला. लांबी-जाडी सगळी तीच. फक्त त्याला रिंगा नाहीत."

"कसल्या रिंगा?"

"हल्लीच्या बारांवर बुशच्या कडेला एकेक रिंग दाबून बसवलेली येते. बार सरकायला लागला की ती बुशला अडते. जुन्या बारांना ती नसायची. नुसत्या रबराच्या पकडीवर राहायचे. आणि राहायचे की! कुणाची तक्रार नव्हती."

"सापडलं!" मी बाहेर आल्या आल्या म्हणाले. "रिंगा नाहीत, म्हणून सरकतो."

"मग नव्या फिटरने बसवला तेव्हा रिंगा उगवल्या होत्या का?" ताई म्हणाली. माझा उत्साह तिथेच मावळला.

दुसरा नंबर मास्तरांचा. ड्रायव्हिंग स्कूलचे मालक, आवाज मोठा आणि छाती त्याहून मोठी. आमच्या गाड्या कठड्यावर चढत नाहीत, खड्ड्यात जात नाहीत, आमची मुलं फुलासारखी चालवतात, असं त्यांनी बराच वेळ सांगितलं. ताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला एक फेरी मारून आणा."

तिच्याबरोबर मीही मागच्या सीटवर बसले, ती चूक झाली. पुढे एक काकू शिकत होत्या. मैदानात चुन्याने मोठं वर्तुळ आखलं होतं, कडेने जुने टायर रचले होते, आणि स्कूलच्या सगळ्या गाड्या त्याला चकरा मारत होत्या. आम्ही गोल, गोल आणि परत गोल फिरलो. माझं डोकं डावीकडच्या काचेला आदळत होतं.

"मास्तर," ताईने विचारलं, "नेहमी उजवीकडेच वळता?"

"मग! सगळे एकाच दिशेने. एखादा उलटा फिरला तर समोरासमोर टक्कर नाही का होणार?"

"म्हणजे दिवसभर उजवीकडे वळायचं, आणि आतलं सगळं डावीकडे ढकललं जायचं."

"तुमच्या शेजारी बसल्यात ना, त्यांच्याकडे बघूनच कळतंय," मास्तर आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले. मी त्यांच्याशी बोलण्याच्या स्थितीत नव्हते.

उतरल्यावर त्यांनी आणखी एक वाक्य टाकलं. "एक मात्र कबूल करतो. तुमचे धाकटे गाडी परत देतात ना, तेव्हा तिची चाकाजवळची रबरंसुद्धा नव्यासारखी काळीभोर असतात. दुसरीकडे कुठे असं बघितलं नाही मी. म्हणून तर बार सरकत असून तुमच्याकडेच येतो."

माझी मान ताठ झाली. ताई मात्र तिथेच उभी राहिली, आणि नंतर वर्कशॉपला पोचेपर्यंत तिने माझ्या एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही.

४

आता माझा संशय कुणावर होता ते सांगते. नव्या फिटरवर. तो येऊन वर्षच झालं असेल. केस चापूनचोपून बसवलेले, बोलणं अदबीचं आणि काम ठीकठाक. ह्यांची लिफ्ट गेली तर फायदा कुणाचा? त्याचा. जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळे वर जेवायला जायचो, तेव्हा तो डबा घेऊन खाली एकटाच असायचा. आणि एकदा मी काउंटरवरचा चष्मा न्यायला खाली आले, तर ह्याच गाडीखाली मान वर करून उभा होता. मला बघून दचकला!

"शिवाय टायर पॉलिश," मी ताईला सांगितलं. "डबा आणला की संपला, आणला की संपला. गाड्या धुणारा म्हणतो मी एवढं वापरत नाही. मग कोण वापरतं? हाच लांबवत असणार."

"पॉलिशचं मला आधी का नाही सांगितलंस?"

"बाराशी त्याचा काय संबंध?"

ताईने नव्याला बोलावलं. मी मुद्दाम काउंटरवरच बसून राहिले, म्हणजे त्याची फजिती नीट दिसावी.

"जेवणाच्या सुट्टीत त्या गाडीखाली काय करत होतास?"

तो खाली बघायला लागला. "शिकत होतो, ताई."

"काय?"

"धाकटे शेठ पट्टी कशी आवळतात ते. ते दोन्ही नट आलटून पालटून आवळतात, थोडा हा, थोडा तो. आधी डाव्या-उजव्या बाजूचं अंतर मोजतात, मग गाडीचं वजन चाकांवर आल्यावर शेवटचा आवळा देतात. विचारायला संकोच वाटतो, म्हणून काम झालं की जाऊन बघतो. मी बसवला तो त्यांचं बघूनच बसवला." मग घाईघाईने म्हणाला, "हात नाही लावला मी कशाला. आणि मी दुसरं काहीही पाहिलेलं नाही."

"दुसरं काही पाहिलंस का, असं मी विचारलंच नव्हतं."

त्याच्या कपाळावर घाम आला. "ताई, मला लिफ्ट नको. खरंच नको. दादांना तसं सांगतो. पण मला हे विचारू नका."

तो गेला. मी म्हणाले, "बघितलंत? चोराच्या मनात काय आहे ते तोंडावर दिसतंय."

"त्याच्या तोंडावर भीती नव्हती, गं," ताई म्हणाली. "आदर होता. या घरात त्याला इतका आदर कुणाबद्दल वाटत असेल?"

५

शुक्रवारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. ताई पिळे झटकून देत होती. काम करताना माझं तोंड बंद राहत नाही, त्यामुळे मी पाणी, साबण, महागाई असं सगळ्यांच्या नावाने बोलत होते.

"आणि हे बाबांचे रुमाल," मी म्हणाले. "यांचं काय करावं तेच समजत नाही. भिजत घातले तर पाणीच पीत नाहीत. थेंब वरून घरंगळून जातो. कितीही घासा, काळे ते काळेच, आणि हाताला कसे बुळबुळीत लागतात बघा."

ताईच्या हातातला पिळा तसाच राहिला.

तिने माझ्याकडून एक रुमाल घेतला. नाकाशी धरला. मग अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं, अगदी त्या दिवशी लिफ्टखाली चोळलं होतं तसं. माझ्या डोक्यात सगळं एकदम लख्ख झालं. पॉलिश!

"बाबा?" मी म्हणाले. "पण बाबा कशाला करतील असं? स्वतःच्या मुलाचं काम बिघडवायचं?"

"कशाला ते मला माहीत नाही," ताई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिचा आवाज असा बारीक झालेला ऐकला. "मी रोज परक्यांची लबाडी उघडी करते, काही वाटत नाही. हे मी चारचौघांत कसं सांगू? नाही सांगितलं तर तुझा नवरा हवा भरत बसणार. सांगितलं तर त्या खुर्चीत बसलेला माणूस परत मान वर करणार नाही."

मला सासऱ्यांचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण नवऱ्याचं जास्त वाटलं, आणि मी ते बोलून दाखवलं. "ताई, ते निर्दोष आहेत. निर्दोष माणसाने शिक्षा भोगायची नाही. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन."

तिने रुमाल पिळून दोरीवर टाकला. "मी कारण सांगेन," ती म्हणाली. "नाव घेणार नाही. बघू पुढे काय होतं."

६

शनिवारी मास्तर आले. लिफ्टखाली दादा, हे, नवा आणि मी. बाबांची खुर्ची ताईने फाटकापासून आत आणवली होती.

"मास्तर, तुम्ही दिवसभर उजवीकडे वळता, त्यामुळे बार डावीकडे ढकलला जातो," ताईने सुरुवात केली. "मूळ बार असता तर तो रिंगेने अडला असता. या बदली बाराला ती नाही. त्याला धरणारी एकच गोष्ट उरते, रबराची पकड. नव्या फिटरच्या वेळी ती पकड होती, म्हणून बार राहिला. माझ्या भावाच्या वेळी पकड नव्हती."

"म्हणजे त्याने नीट आवळलं नाही," दादा म्हणाले.

"पिवळ्या रेघा बघ. एक नट हललेला नाही. सोड रे ती पट्टी."

ह्यांनी पट्टी सोडली. ताईने एका बोटाने बुश ढकलला. तो बारावरून सुळकन पुढे गेला. मग ह्यांनी बाराचा एक भाग स्पिरिटने स्वच्छ पुसला, पेटीतला नवा बुश त्यावर चढवला. ताईने ढकलला. हलला नाही. दादांनी ढकलला, मास्तरांनी छाती फुगवून ढकलला, तरी हलला नाही.

"काम झाल्यावर कुणीतरी या रबरांना पॉलिश लावलंय," ताई म्हणाली. "टायरला लावतात ते. रबर काळंभोर दिसतं, पण पॉलिश आत झिरपून ते निसरडं होतं. पुसताना बारावरची ओली रेघ फिसकटली. नव्याच्या कामाला कुणी पॉलिश लावलं नाही, म्हणून ते टिकलं."

"कोणी लावलं?" दादांचा आवाज चढला. "कोणी?"

नवा आपल्या बुटांकडे बघत होता.  हे कुठे बघतायत ते मी बघितलं. ते बाबांच्या मांडीवरच्या रुमालाकडे बघत होते. आणि मला कळायच्या आत ते म्हणाले, "मी लावलं."

"काय?"

"मीच लावलं. चांगलं दिसावं म्हणून. माझी चूक आहे, दादा. लिफ्ट नव्याला द्या."

"खोटं!" मी ओरडले. "साफ खोटं बोलताय तुम्ही!"

"खोटंच बोलतोय तो," बाबा म्हणाले.

खुर्चीचे हात धरून ते उठले. नव्याने पुढे होऊन आधार दिला, तो त्यांनी बाजूला सारला.

"मी लावलं. या पोराने मला लावताना बघितलं, मीच त्याला सांगितलं की बोलू नकोस. तुम्ही वर जेवत असायचात, गाडी लिफ्टवर असायची, मी शतपावलीला म्हणून खाली यायचो."

"पण का, बाबा?" दादांचा राग कुठल्या कुठे गेला होता.

"काम चांगलं झालेलं असायचं म्हणून," बाबा म्हणाले. "तू इंजिन करतोस. गिऱ्हाईक बॉनेट उघडतो, बघतो, वा म्हणतो. याचं काम गाडीच्या पोटाखाली. तिथे वाकून कोण बघतो? मी बघायचो. नीट दिसत नाही, तर हाताने चाचपून बघायचो. नटांच्या कडा, पट्टीची बैठक. मी भर उमेदीत असताना माझ्या हातून असं काम झालं नाही. आणि वर ती धूळ आणि राखाडी रबरं. मला बघवेना. मग पुसायचो, जरा चकाकी द्यायचो."

"किती गाड्यांना?"

"याच्या सगळ्याच."

"बाकीच्यांना रिंगा असतात, म्हणून काही झालं नाही," ताई हळूच म्हणाली.

मास्तरांना राहवलं नाही. "आणि नव्याच्या कामाला नाही लावलंत ते?"

"त्याचं काम बरं आहे," बाबा म्हणाले. "पण तो काही माझा मुलगा नाही."

नवा एवढा खूष झाला की विचारू नका. बाबांचं 'बरं आहे' त्याला वर्षभरात मिळालं होतं.

हे मात्र हसले नाहीत. "मला का नाही सांगितलंत, बाबा?"

"पॉलिशचं?"

"कामाचं. चांगलं होतंय म्हणून."

बाबांनी हातातल्या रुमालाची घडी केली, परत मोडली.  "जमलं नाही," शेवटी ते म्हणाले. "हाताने जमायचं ते केलं."

ह्यांनी तोंड फिरवलं आणि टेबलावरचे पाने उगाच इकडचे तिकडे केले. मी त्यांची बायको आहे, म्हणून सांगू शकते, ते रडत होते. मीही रडत होते, आणि मला अभिमानाने नुसतं भरून आलं होतं.

"लिफ्ट तुझीच आहे," दादा त्यांच्या पाठीमागून म्हणाले. "मी आधी खाली वाकून बघायला हवं होतं."

"ते राहू दे," हे नाक पुसत म्हणाले. "आधी बार."

७

बुश चुकीचे नव्हते, नट सैल नव्हते, पण रिंगा नसलेला बार परत नुसत्या रबरावर सोडायला ह्यांचं मन तयार नव्हतं. ब्रेकची घासलेली नळी त्यांनी आधी बदलली. मग लेथवर पोलादाच्या दोन रिंगा कातल्या. प्रत्येक रिंग मधोमध कापून तिचे दोन भाग केले, म्हणजे बार न काढता त्यावर बसवून बोल्टने आवळता येईल. बार घासूनपुसून कोरडा केला, नवे बुश कोरडेच घातले, दोन्ही बाजूंचं अंतर मोजलं आणि दोन्ही बुशांच्या आतल्या कडेला एकेक रिंग आवळली. नवा शेजारी उभा होता. या वेळी त्याने विचारलं, आणि ह्यांनी समजावून सांगितलं.

मास्तरांच्या गाडीने त्यानंतर मैदानाला किती चकरा मारल्या याचा हिशोब कुणाकडे नाही. ती परत तपासायला आली तेव्हा आम्ही सगळेच लिफ्टखाली जमलो. दिवा लागला. पिवळी रेघ जिथे मारली तिथेच, बुशला चिकटून. बार मध्यावर.

मास्तर खिशातून रुमाल काढून घाम पुसत होते. "झालं ना? द्या चावी, माझा क्लास खोळंबलाय."

"चावी नंतर," बाबा म्हणाले. त्यांनी मास्तरांचं मनगट धरलं आणि त्यांना ओढत गाडीखाली आणलं. दुसऱ्या हातात टॉर्च होता, तो थरथरत होता. "मान वर करा. वर. हे नट बघा. पट्टीची बैठक बघा, कुठे फट दिसते का? या रिंगा विकत मिळत नाहीत, त्याने स्वतः कातल्यात."

"बाबा, मला त्यातलं काय कळतंय?"

"कळायला कशाला हवं? बघा तर!" आमचं वर्कशॉप, समोरचं पार्टचं दुकान आणि रस्त्यावरून जाणारी चार माणसं ऐकतील एवढ्या मोठ्याने बाबा म्हणाले. "हे माझ्या धाकट्याचं काम आहे. असं काम तुम्हाला कुठेही बघायला मिळणार नाही."

पलीकडे चाकाशी वाकलेले हे तसेच थांबले. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले होते.

"पुरे आता, बाबा," ते म्हणाले.

"पुरे कशाला?" मी काउंटरवरून ओरडले. "बाबा, उजव्या बाजूचंही दाखवा त्यांना!"